'आम्ही पाहिले' असे कधी म्हणावे?

डोळा आणि कान यांच्यात चार बोटांचे अंतर असते, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत. कानाने ऐकलेले खोटे निघू शकते, डोळ्याने पाहिलेले खरे असते, हा त्यातला अर्थ. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आहे आणि डोळा व कान यांच्या मध्ये मोबाईलचा पडदा येऊन बसला आहे. पडद्यावर जे दिसते ते पाहिलेले समजायचे की ऐकलेले? हा प्रश्न आम्हाला कुठल्या पुस्तकातून पडला नाही. तो हदगावच्या शिवारात, एका संध्याकाळी, आमच्या डोळ्यांसमोर आभाळातून निघून गेला. त्या रात्री आणि त्यानंतर आमच्या हातून जे घडले ते सांगायला आजही संकोच वाटतो. पण वर्गात आम्ही रोज मुलांना खरे बोलायला सांगतो, तेव्हा हे सांगणे आम्हाला भाग आहे.

तारीख होती २ एप्रिल २०२२, शनिवार. सकाळी गावात गुढ्या उभ्या राहिल्या होत्या आणि संध्याकाळी आम्हाला रमजानचा चंद्र पाहायचा होता. पाडवा आणि रमजानची चाहूल एकाच दिवशी, याचे मुलांना मोठे अप्रूप. आम्ही तिघे उर्दू माध्यमाच्या शाळेतले शिक्षक. प्रकाशाचा धडा शिकवताना भिंगाची गोष्ट निघाली, भिंगावरून कॅमेऱ्याची निघाली, आणि मुलांनी हट्ट धरला की यंदा चंद्राचा फोटो आपणच काढायचा, आणि अंधार पडल्यावर ताऱ्यांचाही. लग्नाचे शूटिंग करणाऱ्या ओळखीच्या एका तरुणाने आपला कॅमेरा आणि तीन पायांचा स्टँड एका रात्रीपुरता दिला. घरच्यांची परवानगी घेऊन पाच मुले सोबत घेतली आणि असरच्या नमाजनंतर उमरखेडच्या रस्त्याला एका ओळखीच्या शेतकरीकाकांच्या शेतात जाऊन पोचलो.

काकांनी हळद शिजवून वाळत घातली होती. सगळ्या शेतात तिचा उग्र वास भरून राहिला होता. पाडव्याचा दिवस म्हणून काकूंनी मुलांच्या हातावर पुरणपोळी ठेवली. मगरिबची नमाज आम्ही बांधावरच पढलो. पश्चिमेला आभाळ स्वच्छ होते. थोड्याच वेळात नखाएवढा चंद्र दिसला. मुलांनी हात उचलून दुआ केली, काकांनीही हात जोडले. आमच्यातल्या एका मुलाला मात्र तो आभाळात काही केल्या सापडेना. इथे बघ, त्या बाभळीच्या वर बघ, असे सगळे दाखवत होते. शेवटी कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून दाखवला तेव्हा तो ओरडला, "दिख गया!" काका हसून म्हणाले, "डोळ्याने दिसला का डब्यात?" मुलगा क्षणभर थांबला आणि खाली मान घालून म्हणाला, "डब्बे में."

तेव्हा आम्ही सगळेच हसलो. त्या मुलाच्या उत्तरात किती मोठी गोष्ट होती, हे आम्हाला पुढे महिनाभराने कळले.

चंद्र मावळला. काळोख झाला तसे मृग नक्षत्र आणि त्याच्या पाठीमागचा व्याध ठळक दिसू लागले. कॅमेरा तिकडे वळवून आम्ही मुलांना शटर उघडे ठेवण्याची युक्ती समजावत होतो. इशा आणि तरावीहसाठी वेळेत परतायचे होते. पावणेआठच्या सुमारास एक मुलगा किंचाळला, "सर, वो क्या है?" उत्तरेच्या बाजूने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, आगीचे गोळेच्या गोळे एका रांगेत सरकत होते. तुटलेल्या ताऱ्यासारखे झपकन विझणारे नव्हते. सावकाश जात होते, मागे शेपट्या सोडत होते, आणि आवाज अजिबात नव्हता. एका मुलाने कलमा पढायला सुरुवात केली. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. आमच्यापैकी एकाच्या तोंडून निघाले, "मिसाईल तो नहीं?" ही भीती अगदीच निराधार नव्हती. युक्रेनचे युद्ध फेब्रुवारीत सुरू झाले होते, आणि ९ मार्चला आपल्याच देशाचे एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडल्याची बातमी ताजी होती.

कॅमेरा नैर्ऋत्येकडे तोंड करून उभा. तो वळवायला गेलो तर स्टँडचा एक पाय ढेकळात अडकला. घाईत बटण दाबले, हात थरथरत होता. फोटो आला तो असा : अर्धे लिंबाचे झाड आणि एक फरफटलेली पांढरी रेघ. दुसरा काढेपर्यंत आभाळ पुन्हा रिकामे झाले होते.

काका जवळ आले. "सर, काय होतं ते?" गावाकडे शिक्षकाला असे विचारले की उत्तर द्यावेच लागते, असा आमचा समज. आम्ही छातीठोकपणे सांगितले, "उल्का, काका. उल्कावर्षाव म्हणतात याला. घाबरायचं काही कारण नाही." मुलांनीही ते मनात टिपून घेतले.

परतीच्या वाटेवर मोबाईल वाजू लागले. हदगाव, नांदेड, यवतमाळ, नागपूर, जिकडेतिकडे लोकांनी ते पाहिले होते. कुणीतरी काढलेला एक सुरेख, स्वच्छ फोटो गटागटांतून फिरत होता. आमच्या गावातल्या एका गटात तो आला तेव्हा त्याच्याखाली ओळ होती : आपल्या उर्दू शाळेच्या सरांनी आज रात्री काढलेला फोटो. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो हे गावात माहीत होते, त्यावरून कुणी तरी हिशेब लावला असावा. माशाअल्लाह, मुबारक, शाळेचे नाव केले, अशी दाद येऊ लागली. आम्ही तिघांनीही ते वाचले. एका ओळीत सांगता आले असते की हा फोटो आमचा नाही. आम्ही सांगितले नाही. तरावीहनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर लोकांनी हातात हात घेतले, आणि आम्ही मान लववून ते घेऊ दिले.

खोटे आम्ही बोललो नव्हतो. खोटे आमच्या नावावर कुणीतरी जमा केले होते आणि आम्ही ते परत केले नाही, इतकेच. पण दुकानदाराने चुकून जास्त पैसे परत दिले आणि आपण ते खिशात घातले, तर त्याला आपण काय म्हणतो?

पुढच्या दिवसांत वर्तमानपत्रांतून खरी हकीकत येऊ लागली. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात त्याच रात्री सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले होते. आसपास धातूचे गोळेही सापडले. ती उल्का नव्हतीच. फेब्रुवारी २०२१ मध्ये चीनने सोडलेल्या 'चांग झेंग ३बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा वर्षभर पृथ्वीभोवती फिरून वातावरणात शिरला आणि जळत खाली आला, असे अमेरिकेतील खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितले होते. आभाळातले दगड वातावरणात शिरतात ते फार वेगाने, म्हणून ते क्षणात विझतात. माणसाने सोडलेली वस्तू त्यांच्यापेक्षा कमी वेगाने आणि तिरकी येते, म्हणून ती सावकाश सरकताना दिसते, तुटत तुटत जाते. ही खूण आमच्या डोळ्यांसमोर होती. आम्ही ती पाहिली होती. पण पाहिलेले सांगण्याऐवजी आम्ही आम्हाला माहीत असलेला शब्द सांगून मोकळे झालो होतो.

आणि मग रमजानच्या पहिल्याच आठवड्यात, भर वर्गात, तो चंद्र न दिसलेला मुलगा उठला. "सर, अपना फोटो तो हिल गया था ना? फिर वो किसका है?" उत्तर आले, "दुसरे मोबाईल से लिया था, बेटा. बैठो." आमच्यापैकी हे कोण बोलले याला महत्त्व नाही. उरलेल्या दोघांना ते त्याच दिवशी कळले आणि त्यांनीही काही केले नाही. रोजा होता. तोंडात पाण्याचा थेंब जाऊ नये म्हणून जपणाऱ्या तोंडातून ही गोष्ट सहज बाहेर पडली. मुलगा बसला. त्याने पुन्हा विचारले नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागले.

या प्रश्नाची मुळे शोधू लागलो तेव्हा ती आपल्या घरातच सापडली. रमजानचा चंद्र पाहण्याची आपली रीत घ्या. आभाळ ढगाळ असेल तर हनफी मताप्रमाणे रमजानच्या चंद्राला एका भरवशाच्या माणसाची गवाही चालते, ईदच्या चंद्राला दोघांची लागते. त्या माणसाला काय विचारतात? तू कुठे होतास, कोणत्या वेळी पाहिलास, चंद्र कोणत्या बाजूला होता. आणि त्याच्याबद्दल काय पाहतात? तो खोटे बोलणारा तर नाही ना. म्हणजे चंद्राची चौकशी कमी आणि माणसाची जास्त. हदीसच्या विद्येचेही तेच. मजकूर कितीही सुंदर असो, तो कुणी कुणाकडून ऐकला याची साखळी आधी तपासली जाते. साखळीतली एक कडी गळाली किंवा एक माणूस बेभरवशाचा निघाला, तर हदीस दुबळी ठरते. सूरह हुजुरातमध्ये तर खबर घेऊन येणारा कोण आहे ते पाहून शहानिशा करण्याचा सरळ हुकूम आहे, नाहीतर अजाणतेपणी एखाद्या समूहाला इजा होईल, असा इशाराही आहे. चौदाशे वर्षे साखळी तपासण्याचा वारसा ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याच मोबाईलमधून आज बेवारस फोटो आणि बिनकड्यांच्या बातम्या सर्वांत वेगाने पुढे जातात, ही आपली अवस्था आहे. ती फक्त आपलीच नाही, पण आपल्याबद्दल आपण बोलले पाहिजे.

कुणी म्हणेल, फोटो तर खोटे बोलत नाही. फोटो खोटे बोलत नाही, हे खरे. पण तो खरेही बोलत नाही. तो बोलतच नाही, त्याच्या वतीने दुसराच कुणीतरी बोलतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागत फिरणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून राज्यभर, देशभर फिरत होती. तिच्यासोबत फिरणारी एक चित्रफीत तर कराचीतली होती. मुलांना जपा, असे आईबापांना सांगण्यासाठी एका संस्थेने ती मुद्दाम अभिनय करून बनवली होती. शेवटी मूल सुखरूप परत सोडले जाते आणि संदेश येतो. कुणीतरी तेवढा शेवट कापून टाकला आणि उरलेली फीत इकडे सोडून दिली. चित्र खरेच होते. त्याच्यामागचा माणूस मात्र साखळीतून गळाला होता. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पण मर्यादा हाताला घालता येते, नियतीला कशी घालणार?

आमचा हिललेला फोटो आणि राईनपाडा यांची तुलना करणे कुणाला अती वाटेल. आम्हालाही आधी वाटले. पण दोन्हींकडे सुरुवात एकच आहे. आपण जे स्वतः पाहिले नाही, त्याला आपल्या पाहण्याचा दर्जा देऊन टाकायचा. आमच्याकडे त्यातून फक्त वाहवा मिळाली, तिथे पाच जणांचे जीव गेले. फरक परिणामाचा होता, आणि परिणाम आपल्या हातात नसतो.

याच्या उलट एक उदाहरण मुंबईचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री 'मुंबई मिरर'चे छायाचित्रकार सेबॅस्टियन डिसूझा समोरच्या कचेरीतून कॅमेरा घेऊन छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये गेले. गोळीबार चालू असताना त्यांनी अजमल कसाबचा फोटो काढला. तो फोटो जगभर गेला. पण आम्हाला त्या फोटोपेक्षा पुढची गोष्ट मोठी वाटते. २००९ मध्ये ते विशेष न्यायालयात साक्षीला उभे राहिले आणि आपण कुठे होतो, काय पाहिले, फोटो कसा काढला, ते सांगितले. फोटो जगजाहीर असूनही त्याच्यामागे उभा राहणारा माणूस न्यायालयाला हवा होता.

कायदाही हेच म्हणतो. आपल्या मराठवाड्यातल्या जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उमेदवारी अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, याचा पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतल्या कॅमेऱ्याचे चित्रण पुढे आले होते. १४ जुलै २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की अशा चित्रणाची प्रत पुराव्यात आणायची तर सोबत जबाबदार व्यक्तीचे प्रमाणपत्र हवेच. नाहीतर मूळ यंत्राच्या मालकाने ते यंत्र घेऊन स्वतः साक्षीला यावे. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा जुना कायदा जाऊन भारतीय साक्ष्य अधिनियम आला, पण त्याच्या ६३ व्या कलमात प्रमाणपत्राची ही अट कायम आहे. मशिदीतली चंद्राची चौकशी असो की दिल्लीचे न्यायालय, दोघांचेही म्हणणे एकच आहे : चित्र गवाही देत नाही, माणूस देतो.

मग गवाही देणाऱ्या माणसाचे कर्तव्य काय? पाहिले तेवढेच सांगणे, हे तर झालेच. पण आमच्या मते त्याहून अवघड कर्तव्य आहे, न पाहिलेले न पाहिलेले म्हणून सांगणे. इमाम मालिक यांच्याबद्दल प्रसिद्ध आहे की दूरवरून प्रश्न घेऊन आलेल्या माणसाच्या बहुतेक प्रश्नांना त्यांनी 'मला माहीत नाही' असे उत्तर दिले. आपले उलेमा फतव्याच्या शेवटी 'अल्लाहच जास्त जाणतो' असे लिहितात. ती केवळ लिहिण्याची रीत नव्हे, ती आपल्या माहितीची हद्द दाखवणारी खूण आहे. आम्ही शिक्षक मात्र 'माहीत नाही' म्हणायला घाबरतो. बी. एड. करताना पाठ कसा सुरू करायचा, फळा कसा वापरायचा, प्रश्न कसे विचारायचे, हे सगळे शिकलो. विद्यार्थ्यासमोर 'मला माहीत नाही' कसे म्हणायचे, याचा सराव पाठ कुणी घेतला नाही.

समाज म्हणूनही आपला हाच रोग आहे. कॅमेरा हा शब्द अरबी 'कमरा'वरून आला, असे आम्ही स्वतः वर्गात अभिमानाने सांगितले आहे. नंतर कळले की तसे नाही. तो लॅटिनमधला खोली या अर्थाचा शब्द आहे, आणि आपल्या उर्दूतला 'कमरा'ही त्याच घराण्यातून, पोर्तुगीजांकडून आला असे अभ्यासक मानतात. इब्न अल-हैसम यांची थोरवी सांगायला या खोट्या नाण्याची गरजच नव्हती. डोळ्यातून किरण निघून वस्तू दिसत नाही, वस्तूवरचा प्रकाश डोळ्यात येतो म्हणून ती दिसते, हे त्यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर'मध्ये प्रयोगांनी मांडले. थोरामोठ्यांच्या ग्रंथांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नका, तपासा, अशी त्यांची शिकवण होती. त्यांचे नाव घेऊन न तपासलेली गोष्ट सांगणे, हा त्यांचाच अपमान आहे. खऱ्या मोठेपणात खोट्याची भर घातली की ऐकणारा खऱ्यावरही शंका घेऊ लागतो.

शेवटच्या अशऱ्यात एक दिवस आम्ही तिघे बसलो आणि ठरवले की ईदच्या आधी हे निस्तरायचे. गटात लिहिले, तो फोटो आमचा नाही, त्या रात्रीच सांगायला हवे होते, सांगितले नाही, माफ करा. सोबत आमचा अर्ध्या लिंबाचा, फरफटलेल्या रेघेचा फोटो टाकला. दोनतीन जण हसले. एकाने लिहिले, इतके कशाला मनाला लावून घेता, सर. बाकी कुणी काही म्हटले नाही. महिनाभर ज्याचे ओझे वाटत होते, ते उतरायला पाच मिनिटेसुद्धा लागली नाहीत.

वर्गात सांगणे मात्र जड गेले. त्या मुलाला उभे करून सगळ्यांसमोर म्हटले, "तू बरोबर होतास. फोटो हिललाच होता. आम्ही तुला खोटे सांगितले." तो गोंधळला, मग लाजून हसला. आतापर्यंत त्याला चष्मा लागला होता. चंद्र आभाळात का सापडला नाही, याचा शोध त्याच्या घरच्यांनी त्या रात्रीनंतरच घेतला होता. त्याने 'डब्बे में' असे खरे सांगितले नसते, 'हाँ, दिख गया' म्हणून वेळ मारून नेली असती, तर डोळ्यांचा नंबर कुणाच्या लक्षात आला असता?

मग काकांकडे गेलो. हळद वाळून पोत्यांत भरली होती. त्यांना सांगितले, काका, ती उल्का नव्हती, अग्निबाणाचे तुकडे होते, तिकडे चंद्रपुराकडे पडले. आम्ही तेव्हा न कळता ठोकून दिले होते. काका म्हणाले, "मला तर त्या रात्री तुम्ही सांगितलं म्हणून झोप लागली." आम्हाला थोडे बरे वाटले. एवढ्यात ते पुढे म्हणाले, "पण सर, माहीत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं की. मी काय तुमचे मार्क कापणार होतो?"

३ मेला ईद झाली. त्याच्या आदल्या संध्याकाळी तीच मुले पुन्हा चंद्र पाहायला आमच्यासोबत गच्चीवर होती, कॅमेरा मात्र कुणी आणला नव्हता. चष्म्यातल्या मुलाने बराच वेळ पश्चिमेकडे पाहिले आणि बोट दाखवले. आम्ही विचारले, "दिसला?" तो म्हणाला, "हौ सर. आँख से."

वाचकहो, पुढचा फोटो किंवा पुढची बातमी तुमच्या हातात येईल तेव्हा ती पुढे पाठवण्याआधी एवढेच स्वतःला विचारून पाहा : हे मी डोळ्याने पाहिले की डब्यात? डब्यात पाहिले असेल तर तसे सांगा. आम्हाला ते सांगायला एक महिना लागला, तुम्हाला लागू नये.